अठरा कपाटं, आठ मशाली

माझी पत्नी अंबडच्या एका कारखान्यात विजेची पॅनेल जोडण्याच्या विभागात सुपरवायझर होती. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिच्याकडे एक तार चुकली की मशीन सुरूच होत नसे. माझ्याकडे एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं तर ते कुणाच्या लक्षात यायला दहा वर्षं लागत. आमच्या दोघांतला फरक एवढ्यात सांगून होतो.

ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. हे तिच्याबद्दलच लिहितो आहे, पण त्यासाठी एका व्हिडिओ गेमबद्दल लिहावं लागणार आहे, आणि त्या विषयात मी अजून कच्चा आहे.

टाळेबंदीत मुलगी बंगळूरहून घरी आली आणि काही महिने राहिली. कंपनीचं काम संपलं की ती एक खेळ खेळत बसे. त्या खेळात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. माती, दगड, झाडं, ढगसुद्धा. ते फोडायचे, गोळा करायचे आणि त्यांतून हवं ते बांधायचं. कारखाना बंद असल्यामुळे माझ्या पत्नीचे हात रिकामे होते. ती चहाचा कप घेऊन मुलीच्या शेजारी बसायची आणि प्रत्येक ठोकळ्याकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारायची.

"हे काय करतं?"

"काही करत नाही गं आई. छान दिसतं."

"मग नको. काम करणारं दाखव."

मुलीने तिला काम करणारे ठोकळे दाखवले. भट्टी, जिच्यात कोळसा घातला की कच्चं लोखंड वितळतं. वस्तू ठेवायची पेटी. उघडणारं दार, चढता येणारी शिडी, खाली-वर होणारी कळ. शेवटी तिने जमिनीवर एक लाल पूड टाकली आणि कळ दाबली. पुडीची रेघ उजळली आणि दुसऱ्या टोकाचा दिवा लागला. पत्नीने कप खाली ठेवला.

"अगं, ही तर वायरिंग आहे! सरक जरा."

त्यानंतर मुलगी सरकलीच. काही आठवड्यांतच त्या जगात एक घर उभं राहिलं. जवळ गेलं की दार आपोआप उघडे. शेतातला गहू एका कळीने कापला जाऊन पेटीत पडे. आणि प्रत्येक यंत्राशेजारी भिंतीवर एक बटण असे. सगळं जागच्या जागी थांबवणारं.

"आई, हा खेळ आहे. इथे कुणाचा हात मशीनमध्ये अडकणार नाहीये," मुलगी म्हणे.

"आधी बंद करायचं बटण, मग चालू करायचं. माझ्या पोरींनाही मी हेच शिकवते."

तिच्या पोरी म्हणजे तिच्या हाताखाली पॅनेल जोडायला शिकणाऱ्या मुली.

मी समोरच्या खुर्चीत वाचत असे. एकदा पडद्यावर पुस्तकांचं कपाट दिसलं तेव्हा मी चेष्टेने विचारलं, "हे काय करतं?"

"शोभेचं आहे, तुमच्यासारखं," पत्नी म्हणाली. मग हसून म्हणाली, "थांबा. दाखवते तुम्हाला."

पुढच्या दोन-तीन दिवसांत तिने घराच्या मागच्या बाजूला एक खोली बांधली. मधोमध एक टेबल, त्यावर एक उघडं पुस्तक. त्या टेबलावर कुदळ, तलवार असं काही ठेवलं की त्या वस्तूत एखादा गुण उतरतो. मुलगी त्याला जादूचं टेबल म्हणे. पत्नीला जादू हा शब्द आवडत नसे. "नियम पाळतं ना? मग यंत्रच आहे," असं तिचं म्हणणं. टेबलाभोवती एकेक चौकोन मोकळा सोडून तिने चारी बाजूंनी पुस्तकांची कपाटं लावली. आत यायला फक्त एका कपाटाएवढी फट ठेवली. आणि मला हाक मारली.

"अहो, या. बघा तुमची पुस्तकं काय करतात."

कपाटांतून बारीक बारीक अक्षरं सुटत होती. कोणत्या लिपीतली ते कळत नव्हतं. ती हवेतून तरंगत टेबलाकडे येत आणि उघड्या पुस्तकात नाहीशी होत. जेवढी कपाटं जास्त, तेवढं टेबल जोरदार, असं मुलीने समजावलं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. आयुष्यभर मी कपाटांच्या मधून फिरलो, पण पुस्तकं असं काही करताना मला कधी दिसली नव्हती.

"इथे तरी कामाला लागली बिचारी," पत्नी म्हणाली.

टाळेबंदी उठली, मुलगी बंगळूरला परतली. ते जग आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्येच होतं आणि मुलगी तिकडून त्यात येई. रविवारी संध्याकाळी पाच वाजता दोघींची वेळ ठरलेली. पत्नी कधी बाहेर असली तर तिचा फोन यायचा, "द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेय, तिला म्हणावं पाच मिनिटं थांब." मी निरोप द्यायचो. त्या खेळात माझा सहभाग एवढाच होता.

शेवटच्या वर्षी दोघींनी एक बेत केला होता. पत्नीची एक हिऱ्याची कुदळ होती. तिच्यात त्या टेबलावरचा सगळ्यात मोठा गुण उतरवायचा. त्यासाठी खेळणाऱ्याच्या गाठीला अनुभवाच्या तीस पायऱ्या लागतात. पायऱ्या हळूहळू साठतात आणि खेळात मेलं की सगळ्या जातात. कुदळ आईची, पायऱ्या मुलीच्या, असं ठरलं. मुलीच्या एकोणीस झाल्या होत्या तेव्हा पत्नीला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही.

आता मी जे केलं ते लिहायला हवं.

दिवसकार्य झाल्यावर मुलीला कामावर जाणं भाग होतं. ती गेली. माझी मोठी बहीण आठवडाभर राहिली होती. ती म्हणाली, "कपाट आवरून टाकू या. वस्तू समोर राहिल्या की तुझा जीव त्यातच अडकेल. आणि पोरीला पुढच्या वेळी हे सगळं बघायला नको." मला ते पटलं. खरं तर काही पटवून घेण्याची शक्तीच माझ्यात नव्हती. साड्या गेल्या. तिची हत्यारांची पेटी, मीटर, पक्कड, सगळं मी तिच्या हाताखालच्या एका मुलीला दिलं. ती रडत घेऊन गेली. आपण योग्य केलं असं मला वाटलं.

दिवाळीत मुलगी आली. तिने आईचं कपाट उघडलं.

"बाबा, आईच्या साड्या?"

"दिल्या."

"सगळ्या?"

"हो. आत्या म्हणाली..."

"आणि पेटी?"

मी मान हलवली. ती भांडली नाही. कपाटाचं दार तिने दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग म्हणाली, "विचारायचं तरी."

त्या दिवाळीत ती माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे फारसं बोलली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. माझ्यासाठी त्या खेळात एक वेगळा माणूस काढून दिला. चालायचं कसं, दार कसं उघडायचं, वस्तू हातात कशी घ्यायची, मशाल कशी करायची ते शिकवलं. दर रविवारी पाचला मी हे जग सुरू करायचं, म्हणजे तिला तिकडून येता येईल.

"आणि एवढंच करा बाबा," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "इथलं काही तोडू नका. कुणाला काही देऊ नका. हे आईने चालू ठेवलं होतं तसं राहू दे."

मला समजलं की आईच्या हातचं तेवढंच आता शिल्लक आहे, आणि नाइलाजाने का होईना, ते ती माझ्याकडे ठेवून चालली आहे.

रविवारी मी सुरू करत असे. ती येई, तिची कामं करी, पायऱ्या साठवी. मी तिच्या मागून फिरे. ती कमी बोलायची. कुठल्याही गुहेत शिरायची नाही, पायऱ्या जातील म्हणून. बावीस झाल्या, पंचवीस झाल्या. एरवी दुपारी मी एकटाच आत जाऊन त्या मागच्या खोलीत उभा राहायचो. टेबलासमोर, फटीच्या आतल्या बाजूला एक चौकोन होता. तिथेच पत्नीचा माणूस उभा असायचा. मी कपाटांना पाठ लावून कोपऱ्यात उभा राहून अक्षरं बघायचो.

चौथ्या महिन्याच्या तिथीला मी गोदावरीवर जाऊन आलो. गुरुजी आमच्या घरचेच, त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांचं केलेलं. "मुलगी नाही आली?" त्यांनी विचारलं. रजा मिळाली नाही, असं मी सांगितलं. घरी येऊन जेवलो. दुपारचे दोन वाजले असतील.

आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ एक जागा आहे. दवाखान्यातून आणल्यावर तिला शेवटचं तिथे ठेवलं होतं. नंतर त्या जागी दिवा लावला आणि दिवसकार्य होईपर्यंत तो आम्ही विझू दिला नाही. मग बहिणीने तो उचलला आणि फरशी पुसून घेतली. दिवा होता तोवर मी रोज त्याच्याशेजारी बसत होतो. तो उचलल्यापासून त्या फरशीला वळसा घालून जातो. तिथे काही नाही, एवढंच काय ते तिथे आहे.

त्या दुपारी मी खेळात गेलो आणि पेटीतला कोळसा आणि काठ्या घेऊन मशाली केल्या. मुलीने शिकवलेल्यांपैकी मला नीट येणारी ती एकच गोष्ट होती. मागच्या खोलीत गेलो आणि पत्नी उभी राहायची त्या चौकोनात एक मशाल लावली. बरं वाटलं. मग टेबलाभोवतीच्या उरलेल्या सात चौकोनांतही एकेक लावली. आठ दिशांना आठ. इथे ते दिवे कुणी उचलणार नव्हतं. खोली उजळून निघाली आणि किती तरी दिवसांनी मी दुपारी झोपलो.

त्या रविवारी मुलीने निरोप धाडला की दोनच पायऱ्या उरल्यात, पण ऑफिसचं काम आहे, आज जमणार नाही. मधे एका दिवशी मी जग सुरू करून दिलं, तेव्हा ती तासभर येऊन शेताकडे काम करून गेली. मागच्या खोलीत ती गेली नाही. शुक्रवारी तिचा निरोप आला. "तीस झाल्या. रविवारी आईची कुदळ करू."

शनिवारी सकाळी मी खोली नीट आहे ना बघायला गेलो, आणि लक्षात आलं की अक्षरं येत नाहीत.

अगदीच येत नव्हती असं नाही. कपाटांच्या खालच्या रांगेवर तिने वर आणखी तीन कपाटं ठेवली होती, त्यांतून अधूनमधून एखादं सुटत होतं. खालची सगळी कपाटं गप्प होती. मी माझी काठी टेबलावर ठेवून पाहिली, उगाच. मला त्यातलं काय कळणार? बाहेर येऊन पुन्हा आत गेलो. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तरी तेच.

मी काही तोडलं नव्हतं, याची खात्री होती. पण तोडलं नाही म्हणून काय झालं, बंद तर पडलं होतं. आणि दुरुस्त करणारी नव्हती.

गप्प बसावं, असा विचार मनात आला, हे लिहून ठेवतो. उद्या ती येईल, बघेल, कॉम्प्युटर जुना झाला म्हणेल. माझ्यावर काही येणार नाही. मग ते रिकामं कपाट आठवलं, आणि दोनदा उघडलेलं आणि लावलेलं त्याचं दार. त्या वेळीही मी तिला फोन केला नव्हता. मी फोन उचलला.

"हॅलो, बाबा? बरं आहे ना?"

"मी बरा आहे. आईचं टेबल बंद पडलंय."



"म्हणजे काय?"

"अक्षरं येत नाहीत. वरच्या तीन कपाटांतून येतात, खालच्यांतून नाही."

"काय तोडलंत?"

"काही नाही."

"बाबा."

"खरंच नाही गं. उलट ठेवलं."

"काय ठेवलं?"

"मशाली."

"कुठे?"

"टेबलाभोवती. मोकळे चौकोन आहेत ना, तिथे. आठ."

मग तिने अगदी हळू विचारलं, "अंधार वाटत होता का?"

"नाही. आईची तिथी होती त्या दिवशी."

मग तिकडून एक विचित्र आवाज आला, आणि ती हसते आहे हे कळायला मला वेळ लागला. ती हसत होती आणि नाक ओढत होती.

"बाबा, आई पॅनेल बंद पडलं की पहिलं काय विचारायची?"

ते मला पाठ होतं. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक फोनवर तिने तेच विचारलेलं मी ऐकलं होतं.

"शेवटचा हात कुणाचा?"

"कुणाचा?"

"माझा."

"मग! चालू करा कॉम्प्युटर. मी आत्ताच येते."

ती आली. फोन मी कानाशी धरून ठेवला होता. पडद्यावर तिचा माणूस फटीतून आत शिरला आणि आठ मशालींसमोर उभा राहिला.

"अरे देवा," ती म्हणाली. "नवरात्र मांडलंत की."

मग तिने समजावलं. कपाट आणि टेबल यांच्या मधला चौकोन रिकामा लागतो. अगदी रिकामा. सतरंजी नाही, फुलझाड नाही, मशालही नाही. काहीही ठेवलं की मागच्या कपाटांतलं टेबलापर्यंत पोचत नाही. आईने ते चौकोन मोकळे सोडले होते कारण तेही यंत्रातच धरलेले होते.

"मला वाटलं राहिले असतील," मी म्हणालो.

"आईकडून? राहिले असतील?"

"नाही, बरोबर आहे तुझं."

"काढा आता. तुम्हीच काढा, शेवटचा हात तुमचा."

मी कोपऱ्यातली एक मशाल काढली. तिच्या मागच्या कपाटातून एक अक्षर निघालं, तरंगत आलं, पुस्तकात गेलं. मग बाजूची एक काढली, तर एकदम तीन कपाटं सुरू झाली. मी थांबून बघत होतो. एकेक काढताना मला आठवत होतं की ती लावताना किती बरं वाटलं होतं. पत्नीच्या चौकोनातली मशाल आली तेव्हा हात अडला.

मुलीला ते कळलं असावं. "एक राहू द्यायची तर राहू दे," ती म्हणाली. "तिकडे त्या कोपऱ्यात अजून आहे ना एक, ती ठेवा. कोपऱ्यातल्या मशालीने एकच कपाट अडतं. टेबलाला पंधरा पुरतात. आपली किती आहेत?"

मी मोजली. खाली पंधरा, वर तीन. "अठरा."

"पंधराच लागतात तर तीन कशाला लावली असतील तिने?"

हेही मला पाठ होतं. दहा तारा जोडायच्या असतील तर बारांची जागा ठेवायची, असं ती म्हणायची. उद्या कुणीतरी काहीतरी जोडणारच, आणि तेव्हा जागा नाही म्हणून रडत येणार.

"स्पेअर," मी म्हणालो.

"स्पेअर!" ती त्याच वेळी म्हणाली.

मी पत्नीच्या चौकोनातली मशाल काढली. कोपऱ्यातली ठेवली. आता सतरा कपाटांतून अक्षरं येत होती आणि एक कपाट माझ्यासाठी गप्प बसलं होतं.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" मुलगी म्हणाली. तिने आईच्या पेटीतून कुदळ आणली आणि त्या मोकळ्या चौकोनात जाऊन उभी राहिली. कुदळ टेबलावर ठेवली. तीन पर्याय आले, तिने सगळ्यात खालचा निवडला. कुदळ जांभळी चमकायला लागली.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"थांबा... अय्यो. आई चिडली असती."

"का?"

"तिला एका दगडातून जास्त हिरे निघतील असला गुण हवा होता. हा दुसराच निघाला. ह्याने वस्तू न फुटता निघते. जशीच्या तशी. काच काढली तर अख्खी काच. कपाट काढलं तर पुस्तकांसकट कपाट. एरवी कपाट फोडलं की नुसती पुस्तकं हातात येतात."

"चांगलं आहे की."

"चांगलंच आहे. पण हिरे नाहीत." ती हसली. कुदळ तिने परत आईच्या पेटीत ठेवली.

आम्ही थोडा वेळ तसेच खोलीत उभे होतो. ती चौकोनात, मी कोपऱ्यात मशालीशेजारी. मग मी तिला सांगितलं. ते सांगायचं दिवाळीपासून राहिलं होतं, कारण तिने विचारलं नव्हतं आणि दिवाळीत मला तोंड नव्हतं.

"आईचा टेस्टर माझ्याकडे आहे. तो पेटीत नव्हता, पर्समध्ये होता. नंतर सापडला."

"तो पिवळ्या मुठीचा?"

"हो. टेबलावर पेनांच्या भांड्यात ठेवलाय."

"चालतो अजून?"

मी बघितलं नव्हतं. फोन कानाशी धरूनच भांड्यातून तो उचलला. पत्नी करायची तसं बोट मागच्या टोकाला लावून कॉम्प्युटरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये टेकवला. मुठीतला बारका दिवा नारिंगी लागला.

"चालतो," मी म्हणालो.

"दिला नाहीत ना कुणाला?"

"नाही."

"देऊ नका."

"नाही देणार," मी म्हणालो. "तुला विचारल्याशिवाय काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली. "उद्या पाचला चालू करा. गहू कापायचाय."